पावसाळ्यानंतर एमटीबीची (माउंटन बाइकची) घरच्या घरी देखभाल: आधी काय, मग काय

गियर नीट पडत नाही म्हणून ज्या सायकली माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकींचे डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू आधीच कुणीतरी पिळून ठेवलेले असतात. मूळ दुखणं मात्र भलतीकडेच निघतं. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाची साडेसत्तावीस इंची हार्डटेल होती. मागच्या तिसऱ्या गियरवरून चौथ्यावर जाताना चेन घुटमळायची. त्याने दोन्ही लिमिट स्क्रू (डिरेलरची धाव अडवणारे) अंदाजाने फिरवले आणि दुसऱ्या दिवशी सिंहगडाच्या चढावर चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊन स्पोकमध्ये अडकली. हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) वाकला, तीन स्पोक कापले गेले. घरी आल्यावर मागच्या डिरेलरजवळचा केबलच्या आउटरचा (बाहेरच्या नळीचा) वीतभर तुकडा मी काढला, तेव्हा त्यातून लाल चिखलाची वळी बाहेर आली. दुखणं तेवढंच होतं. नवा आउटर टाकला असता तर स्क्रूला हात लावायची गरजच नव्हती.

म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर क्रमावर आहे. ब्रेक आणि गियर दोन्ही चाक सरळ बसलेलं आहे या भरवशावर लावले जातात. गियर तर चेन, हँगर आणि केबल धड असतील तरच लागतात. क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं आणि दुसऱ्या वेळी जास्त बिघडतं.

इथे धरून चाललेली सायकल अशी: पुढे सस्पेन्शन फोर्क, मागे साधी फ्रेम, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, ३×७, ३×८ (पुढे तीन, मागे सात किंवा आठ चकत्या) किंवा पुढे एकच चकती. पहिल्यांदा करणार असाल तर रविवारचा अख्खा दिवस मोकळा ठेवा. संध्याकाळी पाचला सुरू करून उद्याच्या राइडसाठी उरकायचं हे काम नाही.

## तयारी: जागा आणि अवजारं

सायकल सीट-हॅण्डलवर उलटी ठेवून काम करायची सवय सोडा. शिफ्टर आणि लिव्हर जमिनीवर घासतात. हायड्रॉलिक (तेलावर चालणारे) ब्रेक असतील तर लिव्हरमधल्या तेलाच्या टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत शिरू शकतो आणि लिव्हर स्पंजसारखी लागते. स्टॅण्ड नसेल तर घरातली झोपाळ्याची कडी उत्तम. कडीतून जाड दोरी सोडा आणि दोरीच्या फासात सीटचं नाक अडकवा. मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर राहिलं की पॅडल हाताने फिरवून गियर बघता येतात. कडी नसेल तर गॅलरीचं मजबूत ग्रिलही चालेल.

अवजारं थोडीच लागतात, पण ती नेमक्या मापाची हवीत: ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, टी-२५ टॉर्क्स, चांगल्या टोकाचा फुली स्क्रू-ड्रायव्हर, १५ मिमीचा पातळ पान्हा, गेज असलेला पंप, स्टीलची एक फुटी पट्टी, केबल कटर, जुने टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. केबल पक्कडीने कापू नका. टोक विस्कटतं आणि ती पुन्हा आउटरमध्ये ओवली जात नाही. गोल झालेली स्वस्त ॲलन की बोल्टचं तोंडही गोल करते, मग तो बोल्ट ड्रिलने काढायची वेळ येते.

फडकी तीन ठेवा आणि ती एकमेकांत मिसळू नका: एक चेनसाठी, एक फ्रेमसाठी, एक फक्त डिस्कसाठी. डिस्कचं फडकं नवंच असलं पाहिजे. धुऊन स्वच्छ दिसणाऱ्या जुन्या बनियनमध्येही चेनच्या तेलाचा अंश राहतो.

## १. धुणं

गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन आणणं ही आपल्याकडची सर्रास चूक. तो फवारा हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हॅण्डल वळवणारं बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलच्या धुऱ्याच्या बेअरिंगच्या) सिलांना पार करून आतलं ग्रीस धुऊन काढतो. वरून सायकल चकाचक दिसते आणि महिन्याभरात बेअरिंग करकरू लागतं. बादली, मग आणि मऊ ब्रश पुरेसे आहेत.

आधी चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि पुढच्या चकत्या धुवा, मग फ्रेम, शेवटी चाकं. उलट केलंत तर स्वच्छ झालेल्या फ्रेमवर चेनचं काळं पाणी उडतं. चेनसाठी डिग्रीझर किंवा भांड्यांचं द्रव साबण वापरा. रॉकेल आणि डिझेल मळ काढतात हे खरं, पण हबकडे ओघळले की तिथलं ग्रीसही पातळ करतात. वापरायचंच असेल तर चेन सायकलवरून काढून डब्यात बुडवा.

धुऊन झाल्यावर सीटपोस्टवर मार्करने खूण करा आणि ती बाहेर काढा. मुळशी-ताम्हिणीच्या पावसात फिरलेल्या सायकलीच्या सीटट्यूबमधून कपभर तांबडं पाणी निघताना मी पाहिलं आहे. सायकल तिरकी करून ते सगळं ओतून द्या, नळी सावलीत वाळू द्या आणि अॅल्युमिनियमच्या सीटपोस्टला ग्रीसचा पातळ हात देऊन मगच परत बसवा. हे वर्षानुवर्षं केलं नाही तर सीटपोस्ट फ्रेममध्ये जाम होते, मग ती कापूनच काढावी लागते.

इशारा: या टप्प्यावर कुठेही तेल घालू नका. तेलामुळे आवाज दबतात, आणि पुढच्या टप्प्यात आवाजच ऐकायचे आहेत.

## २. हलवून पाहणं

सायकल जमिनीवर उभी करा आणि खालच्या चार जागा याच क्रमाने तपासा.

हेडसेट: पुढचा ब्रेक दाबून धरा, सायकल पुढे-मागे ढकला. एका हाताची बोटं फोर्क आणि फ्रेम जिथे भेटतात त्या फटीवर ठेवा. बोटांना टक-टक जाणवलं तर हेडसेट सैल आहे. फक्त डोळ्यांनी बघू नका, कारण फोर्कचे पाय आणि ब्रेकचे पॅडही थोडे हलतात आणि नवख्याला तोच हेडसेट वाटतो. दुरुस्तीला स्टेमचे (हॅण्डल धरणाऱ्या आखूड तुकड्याचे) बाजूचे दोन बोल्ट आधी सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट पाव-पाव फेरा आवळा. खेळ जाईल आणि हॅण्डल स्वतःच्या वजनाने वळेल इतपतच. मग चाकाच्या रेषेत स्टेम सरळ करून बाजूचे बोल्ट घट्ट करा. बाजूचे बोल्ट सैल न करता वरची टोपी पिळत राहणारे बरेच आहेत. त्याने हेडसेट तसूभरही घट्ट होत नाही, टोपीच्या बोल्टचे आटे मात्र जातात.

हब: रिम वरून धरून आडवं हलवा. खेळ असेल तर कप-कोन हबचा कोन (बेअरिंगवरचा शंकू) आवळावा लागतो. त्याला पातळ कोन पान्हे लागतात. ते नसतील तर दुकानात न्या, पण तसंच चालवू नका.

बॉटम ब्रॅकेट: दोन्ही क्रँक (पॅडलचे दांडे) धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही बाजूंना सारखाच खेळ असेल तर बॉटम ब्रॅकेट, एकाच बाजूला असेल तर त्या क्रँकचा बोल्ट. सीलबंद कार्ट्रिज आवळून सुधारत नाही, बदलावी लागते.

पॅडल: हाताने फिरवून पाहा, मग १५ च्या पान्ह्याने घट्ट करा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, घट्ट करायला ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. आट्यांना ग्रीस लावलेलं असू द्या.

## ३. चाक बसवणं आणि आउट काढणं

हा टप्पा ओलांडून लोक थेट ब्रेककडे जातात, आणि पुढची निम्मी गफलत इथून सुरू होते.

सायकल जमिनीवर असतानाच क्विक रिलीज (चाक आवळणारी लिव्हर) उघडा. सायकलीचं वजन चाकावर पडू द्या, म्हणजे धुरा खाचेत पुरता खाली बसतो. मग लिव्हर बंद करा. लिव्हर धुऱ्याच्या सरळ रेषेत येईल तेव्हा जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे, आणि पूर्ण बंद केल्यावर तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. लिव्हर नटासारखी गोल-गोल फिरवून आवळायची नसते, ती पलटून बंद करायची असते. सहज बंद होत असेल तर उघडून दुसऱ्या बाजूचा नट अर्धा फेरा आवळा. बंद लिव्हर डिस्कमध्ये शिरणार नाही अशी ठेवा.

आता आउट, म्हणजे चाक फिरताना रिम डावीकडे-उजवीकडे झोकणं. फोर्कच्या पायाला एक झिप-टाय बांधा आणि तिचं टोक रिमपासून मिलिमीटरभर अंतरावर येईल असं कापा. चाक फिरवलं की रिम कुठे टोकाला घासते ते ऐकू येतं. स्पोकला हात लावण्यापूर्वी एकेक स्पोक बोटाने छेडा. एकाच बाजूच्या स्पोकचा सूर साधारण सारखा हवा. मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या बाजूचा सूर वेगळाच असतो, त्यांची तुलना करू नका. कुठे थडथड असा मेलेला आवाज आला तर तो स्पोक सैल आहे. आधी तोच आवळा, बरेचदा आउट तिथेच निघतो.

निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा नट) फिरवताना सगळ्यांचा गोंधळ दिशेचा होतो. टायरच्या बाजूने निपलकडे पाहायचं; तिकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने म्हणजे घट्ट. रिम उजवीकडे येत असेल तर तिथले डावीकडून आलेले स्पोक पाव फेरा घट्ट आणि उजवीकडचे पाव फेरा सैल. एका वेळी पाव फेराच. अर्धा फेरा फिरवलात की आउट दुसरीकडे सरकतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचाच पाठलाग करत बसाल. डिस्क ब्रेकच्या सायकलीला एक-दोन मिलिमीटरचा आउट चालून जातो. रिमला खड्ड्यात पोचा आला असेल तर तो स्पोकने निघत नाही.

## ४. चेन: मोजा, पुसा, मग तेल

स्टीलची पट्टी चेनवर ठेवा. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचांवर येते. ती अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर ११ आणि १२ स्पीडची चेन लगेच बदला. ७ ते १० स्पीडला अजून थोडी मुभा आहे, पण पूर्ण एक सूत पुढे गेली तर उशीर झाला. मग बहुधा कॅसेटही गेलेली असते, आणि नवी चेन जुन्या दातांवरून जोर लावताच घसरते. दोन-तीन हजारांची कॅसेट वाचवायची तर वेळेवर बदललेली चेन स्वस्त पडते.

चेनची जोडकडी पुन्हा वापरायची का, हे तिच्या प्रकारावर आहे. शिमानो आणि एसरॅमच्या १०, ११, १२ स्पीडच्या बऱ्याच कड्या एकदाच बसवण्यासाठी असतात.

आता तेल. पूर्ण कोरड्या चेनवर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. चेन उलटी फिरवत एक पूर्ण फेरा झाला की थांबा. थेंब मोजून घालायचं कारण असं की तेलाची गरज रोलरच्या आत आणि पिनपाशी असते. वरच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं, आणि दख्खनच्या धुळीत ती दोन राइडमध्ये सहाण होते. रात्री तेल घालून सकाळी चेन बोटांत फडकं धरून जवळजवळ कोरडी दिसेपर्यंत पुसा. पुसायचं राहिलं तर तेल घातलंच नसतं तरी चाललं असतं.

डब्ल्यूडी-४० चा साधा निळा डबा हा चेनचा तेलाचा डबा नाही. तो ओल हटवतो, गंज सैल करतो, पण चेनला लागणारा थर मागे ठेवत नाही. शिलाई मशिनचं तेल फार पातळ, दोन डबकी ओलांडलीत की धुऊन जातं. पावसात ओल्या हवेचं चेन-तेल, उन्हाळ्यात कोरड्या हवेचं किंवा मेणाचं.

इशारा: तेल घालताना डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. स्प्रेने चेनला तेल मारू नका, त्यातले बारीक थेंब डिस्कवर जातात आणि त्यानंतर ब्रेकची बोंब सुरू होते.

## ५. ब्रेक

पहिली तपासणी पॅडची. पॅडवरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, शिमानोच्या बहुतेक डिस्कवर ती १.५ मिमी असते. डिस्क नव्या फडक्याने आणि अल्कोहोलने पुसा. बोटं लावू नका, बोटांवरचं तेलही पुरतं.

### हायड्रॉलिक असेल तर

कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन माउंट बोल्ट अर्धा फेरा सैल करा, कॅलिपर हलला पाहिजे. ब्रेकची लिव्हर जोरात दाबून धरा. दाबलेल्या अवस्थेतच दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर कॅलिपर फिरतो आणि घासणं परत येतं. लिव्हर सोडा, चाक फिरवा. पाठीमागे पांढरा कागद धरून वरून फटीत पाहा: डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. एकाच बाजूला दिसत नसेल तर बोल्ट किंचित सैल करून कॅलिपर हाताने सरकवा.

चाक काढलेलं असताना लिव्हर चुकूनही दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत आत जात नाही. चाक काढल्याबरोबर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवा.

लिव्हर हॅण्डलपर्यंत जात असेल तर ब्लीडिंग (तेलातली हवा काढणं) लागतं. त्याआधी टाकीवर काय लिहिलंय ते वाचा. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल चालतं, एसरॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट फ्लुइड. एकात दुसरं घातलं तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. मोटारसायकलचं ब्रेक ऑइल घरात आहे म्हणून ते ओतू नका.

### केबलचा डिस्क ब्रेक असेल तर

पंधरा ते पंचवीस हजारांच्या सायकलींवर हाच असतो आणि सगळ्यात चुकीचा तोच लावला जातो. बऱ्याच मॉडेलमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला पॅड स्थिर असतो आणि तो स्पोकच्या बाजूच्या गोल चकतीने किंवा ॲलन कीने पुढे-मागे होतो.

क्रम असा: केबल सैल करा, कॅलिपरवरचा केबलने ओढला जाणारा दांडा पूर्ण मागे जाऊ द्या. कॅलिपर असा बसवा की डिस्क आतल्या पॅडच्या जवळ येईल. आतला पॅड डिस्कपासून कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर आणा. त्यानंतर केबल ताणून बोल्ट आवळा, आणि बारीक फरक बॅरलने (केबलचा ताण बदलणाऱ्या फिरत्या नळकांड्याने) करा.

पॅड झिजले की लोक केबल ताणत राहतात. तेव्हा दांडा आधीच अर्धा वळलेला असतो, त्यामुळे जोर लावायच्या वेळी त्याचा कोन चुकतो आणि ब्रेक लागतच नाही. झीज आतल्या पॅडच्या चकतीने भरून काढा, केबलने नाही. कात्रजच्या उतारावर हा फरक हाताला कळतो.

नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर वेग घ्या आणि चालण्याच्या वेगापर्यंत सायकल हळू करा, असं वीसेक वेळा, पुढच्या आणि मागच्या ब्रेकने वेगवेगळं. चाक लॉक होऊ देऊ नका. हे न करता घाटात गेलात तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात.

तपासा: लिव्हर दाबून सायकल पुढे ढकला. दोन्ही ब्रेक चाक थांबवतात का? ती हॅण्डलपासून निदान दोन बोटं अंतरावर थांबते का? नसेल तर गियरकडे वळू नका.

## ६. गियर

आता. यापूर्वी नाही.

### ६.१ हँगर आणि केबल

सायकलच्या मागे उभं राहून एक डोळा मिटा. डिरेलरच्या दोन्ही पुल्या आणि त्यांच्या वरची कॅसेटची चकती एका उभ्या रेषेत दिसायला हव्यात. खालची पुली स्पोककडे झुकली असेल तर हँगर वाकलेला आहे. सायकल उजव्या बाजूला पडली, बसच्या डिकीत आडवी ठेवली की तो वाकतो. स्क्रूने वाकलेला हँगर कधी सरळ होत नाही. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून एक जास्तीचा घेऊन ठेवा. सह्याद्रीत गावोगावी तो मिळणार नाही.

मग केबल. डिरेलरचा बोल्ट सोडून केबल सैल करा आणि ती हाताने मागे-पुढे ओढा. तुपातून सुरी जावी तशी गेली पाहिजे. अडखळली तर केबल आणि आउटर दोन्ही बदला. आउटर कापल्यावर त्याचं तोंड खिळ्याने गोल करा, टोपी घाला. शिफ्टरमध्ये केबलच्या मण्याजवळ एखादी बारीक तार तुटलेली दिसते का तेही पाहा. एक तार तुटली की बाकीच्या जायला आठवडा लागत नाही.

### ६.२ लिमिट स्क्रू

केबल अजून सैलच आहे. चेन मागे सगळ्यात छोट्या चकतीवर, पुढे मोठ्या चकतीवर. एच लिहिलेला स्क्रू छोट्या चकतीकडची सीमा ठरवतो. मागून पाहताना वरची पुली छोट्या चकतीच्या बरोबर खाली येईल असा तो फिरवा. दोन्ही स्क्रूंना एकच नियम: आत पिळला की डिरेलरची धाव कमी होते.

मग हाताने डिरेलर आत ढकलत, पॅडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या. एल स्क्रू असा लावा की पुली मोठ्या चकतीच्या खाली येऊन थांबेल आणि जोर लावूनही स्पोककडे आणखी जाणार नाही. सुरुवातीला सांगितलेली दुर्घटना या एका स्क्रूने टळते.

### ६.३ बी स्क्रू

चेन मागे मोठ्या आणि पुढे छोट्या चकतीवर असताना वरची पुली आणि मोठी चकती यांत अंतर हवं; ते बी स्क्रूने लावायचं. ३×७, ३×८ ला साधारण ५–६ मिमी, मोठ्या १×१२ कॅसेटला डिरेलर बनवणाऱ्याने दिलेलं माप. पुली चकतीला लागत असेल तर कडकड आवाज येतो आणि लोक त्याला केबलचा दोष समजतात.

### ६.४ केबलचा ताण

शिफ्टर सगळ्यात छोट्या चकतीच्या गियरवर आणा, ही पायरी विसरली तर पुढचं काहीच जुळत नाही. बॅरल पूर्ण आत पिळून एक फेरा बाहेर काढा. केबल हाताने ताणून बोल्ट आवळा.

एक क्लिक द्या, पॅडल फिरवा. चेन दुसऱ्या चकतीवर गेली पाहिजे. गेली नाही, किंवा रेंगाळली, तर बॅरल अर्धा फेरा बाहेर. उलट एका क्लिकमध्ये दोन चकत्या ओलांडल्या, किंवा परत छोट्या चकतीवर उतरायला कंटाळली, तर अर्धा फेरा आत. प्रत्येक वेळी अर्धाच, आणि प्रत्येक बदलानंतर वर जाणं आणि खाली येणं दोन्ही बघा. वर जाणं साधलं की खाली बिघडतं आणि खाली साधलं की वर, असं होत असेल तर बॅरल सोडा आणि ६.१ वर परत या. केबल अडते आहे.

पुढे तीन चकत्या असतील तर पुढच्या डिरेलरची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दातांपासून १ ते ३ मिमी वर आणि चकतीला समांतर हवी. समांतर नसेल तर केबल कितीही ताणा, घासणं जाणार नाही.

तपासा: मोठ्यावर मोठी आणि छोट्यावर छोटी ही दोन टोकं सोडून सगळे गियर हाताने फिरवून पाहा. ती दोन्ही टोकं चालवतानाही वापरू नका, तिथे थोडं घासणं स्वाभाविक आहे.

## ७. फोर्क

प्रत्येक राइडनंतर फोर्कच्या चकचकीत नळ्या स्वच्छ फडक्याने पुसा. सिलाच्या कडेला जमलेली बारीक वाळूच नळ्यांवर ओरखडे काढते. स्प्रे मारू नका.

एअर फोर्क असेल तर हवा तुमच्या वजनाप्रमाणे हवी. राइडचे कपडे घाला, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी सगळं घ्या. लॉकआउट (फोर्क कडक करणारी कळ) उघडा. नळीवर रबरी रिंग नसेल तर पातळ झिप-टाय सैल बांधा आणि ती सिलापर्यंत खाली सरकवा. भिंतीचा आधार घेऊन हळू बसा, उसळी मारू नका, आणि तसेच हळू उतरा. रिंग जेवढी वर सरकली तेवढा सॅग. १०० मिमी प्रवासाच्या फोर्कला १५ ते २० मिमी, जास्त प्रवासाच्या ट्रेल फोर्कला २० ते २५ टक्के. जास्त आला तर हवा भरा, कमी आला तर सोडा.

शॉक पंपच वापरा. पंप काढताना फुस्स आवाज येतो तो बहुधा पंपाच्या नळीतला असतो, फोर्कमधला नाही. तो ऐकून पुन्हा पाच-दहा पीएसआय भरणाऱ्यांचा फोर्क मग दगडासारखा लागतो.

रॉकशॉक्ससारख्या फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी सांगितलेली असते. आपल्या चिखलात ती मर्यादा ताणू नये. ते काम घरी पहिल्या वर्षी करू नका.

## ८. टायर आणि हवा

टायर काढलात तर आतून कापसाचा बोळा फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागेपर्यंत उशीर होतो, कापूस मात्र लगेच अडकतो. हे न करता नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर.

टायरच्या कडेवरचा आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो. डोंगरात तो नको. सव्वादोन इंची टायर, ट्यूबसकट, सत्तर किलोचा स्वार असेल तर पुढे २८ आणि मागे ३० ते ३२ पीएसआयपासून सुरुवात करा. दगडावर रिम आपटल्याचा ठण आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा. वळणावर पुढचं चाक सरकतंय असं वाटलं तर दोन कमी करा. ट्यूबलेसला अजून तीन-चार कमी चालतं, पण आतलं सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी बघा. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं.

पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने सायकलची हवा भरू नका. क्षणात ट्यूब फुटते. व्हॉल्व्ह रिमला तिरका दिसत असेल तर ट्यूब आत सरकली आहे. हवा सोडून टायर सैल करा आणि व्हॉल्व्ह सरळ करा, नाहीतर तो मुळाशी फाटतो.

## ९. बोल्ट आणि पहिली फेरी

स्टेम, हॅण्डल, सीटपोस्टच्या बोल्टवर न्यूटन-मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, बहुतेकदा ५ च्या आसपास. टॉर्क पान्हा नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून आवळा, लांब बाजूने जोर जास्त लागतो. हॅण्डलचे चार बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे-थोडे. स्टेमच्या वर-खालची फट सारखी राहिली पाहिजे.

मग हेल्मेट घाला आणि सोसायटीच्या आवारातच दहा मिनिटं फिरा. आधी बसून, मग उभं राहून. दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावा. जोर देऊन प्रत्येक गियर बदला, कारण स्टॅण्डवर नीट पडणारा गियर वजनाखाली कधीकधी घुटमळतो. तसं झालं तर बॅरल पाव फेरा, तोही एका दिशेने फिरवून पाहूनच.

दोन राइडनंतर क्विक रिलीज, स्टेम आणि कॅलिपरचे बोल्ट पुन्हा एकदा हाताने तपासा. नवी केबल घातली असेल तर पहिल्या आठवड्यात आउटर जागेवर बसतो आणि केबल थोडी सैल पडते. त्यासाठी बॅरल अर्धा फेरा बाहेर काढा. लिमिट स्क्रूंना हात लावू नका.